रानात जवळ ठेवायचा चाकू



सीनेच्या पुरानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. रानात जवळ बाळगायला चाकू कुठला घ्यावा? ऑनलाईन दिसतो तो घ्यावा का लोहाराकडून करून घ्यावा? स्टीलचा बरा का लोखंडाचा? एकेकाला सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढतो. जरा लांबलंय, पण सवडीनं वाचा.

आधी एक ठरवा. चाकू कशासाठी पाहिजे? ते पक्कं झालं की निम्मी निवड तिथंच होते.

कुणी म्हणतं, बिबट्या आला तर असावा. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात काय झालं ते आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. नरभक्षक बिबट्यानं तालुक्यात माणसं मारली, रानात जायची सोय राहिली नाही, ऊसतोडीच्या टोळ्या भ्यायल्या. शेवटी वनखात्याला त्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत लोक दीड-दोन हाताचे कोयते कमरेला लावून हिंडत होते. पण विचार करा. बिबट्या मागून येतो, वाकलेल्या माणसावर येतो, थेट मान धरतो. कमरेचं हत्यार काढायला तो वेळ देत नाही. तिथं उपयोगी पडतं ते दोघं-तिघं मिळून जाणं, मोठ्यानं बोलणं, मोबाईलवर गाणी लावणं, चांगली बॅटरी आणि हातात काठी. रातच्या लाईटला पाणी द्यायला एकटं जायची पाळी आली तर वाकून बसू नका. चाकू हा बिबट्यावरचा उपाय नाही.

कुणी म्हणतं, साप चावला तर जखम कापायला असावा. हे तर मनातून काढूनच टाका. आपल्याकडं नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी साप आहेत. चावल्या जागी कापून विष बाहेर येत नाही. उलट घोणस-फुरशाच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, तिथं कापलं तर माणूस रक्त जाऊनच हातचा जाईल. चावलेला हात किंवा पाय हलवू नका, दोरीनं आवळून बांधू नका, अंगठी, कडं, जोडवी काढून घ्या, १०८ ला फोन करा नायतर मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना गाठा. या चारही सापांवर चालणारी लस तिथं असते. चाकू खिशातच राहू द्या.

मग चाकू लागतो कशाला? तीस-पस्तीस वर्षांत मला तो कशाला लागला ते मनात मोजलं. दावं कापायला. मोटरचा दोर गुंतला तो तोडायला. ठिबकची लॅटरल कापायला. ताडपत्री फाडायला. वाऱ्यानं पाइपाला गुंडाळलेलं मल्चिंग सोडवायला. एकदा मळणी यंत्राच्या पट्ट्यात एका गड्याचा शर्ट ओढला गेला, इंजन बंद केल्याबरोबर शर्ट फाडून त्याला मोकळा करायला. म्हणजे दर वेळी कुणाला ना कुणाला, कशाला ना कशाला सोडवायला. रानातला चाकू हे सोडवायचं हत्यार आहे, त्याच हिशोबानं निवडावा.

आता पुराचं सांगतो. सप्टेंबर २०२५, घट बसले तेच दिवस. सीना अशी फुगली की आमच्या पिढीनं बघितलं नव्हतं. करमाळा, माढा, मोहोळपासून खाली दोन्ही तीरांवरची गावंच्या गावं पाण्यात गेली, एनडीआरएफच्या बोटी आल्या. आमची वस्ती नदीपासून लांब, तिथं पाणी येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. रात्री लाईट गेलेली. कुत्रं भुकायला लागलं म्हणून पुतण्या उठला तर गोठ्यात पाणी. बघता बघता गुडघ्याला लागलं.

दोन गाया, एक म्हैस, दोन कालवडी, चार शेळ्या. सगळी नायलॉनच्या दाव्यानं बांधलेली. घाबरलेलं जनावर दावं ओढत राहतं. ओढून ओढून गाठ अशी आवळते की कोरड्या हातानं, उजेडातसुद्धा सुटत नाही. तिथं तर हात गारठलेले, बॅटरी दातात धरलेली. पुतण्याकडं ऑनलाईन मागवलेला चाकू होता. मोठा, काळा, पाठीला करवतीचे दात, मूठ पोकळ आणि तिच्यात होकायंत्र, काड्यापेटी, गळ. त्यानं म्हशीचं दावं कापायला घेतलं. दावं ओलं, पातं त्याच्यावरून नुसतं घसरतंय. मग त्यानं गाठीत टोक घालून पीळ दिला, तसं पातं मुठीतून निखळून पाण्यात गेलं.

"तात्या, तुमचा द्या!" एवढंच ओरडला तो. माझ्या कमरेला घिसाड्याकडून करून घेतलेला चार इंचाचा चाकू होता. एकेक दावं दोन-तीन ओढीत तुटलं. नऊच्या नऊ जनावरं आम्ही उंचवट्याला नेली. आमच्याच शिवारात दाव्याला बांधलेलीच बुडालेली जनावरं पुढं चार दिवस दिसत होती. त्यांना पोहता येत नव्हतं असं नाही, त्यांना सोडायला कुणाला वेळ मिळाला नाही.

तो ऑनलाईनचा चाकू का निखळला, ते समजून घ्या. पोकळ मुठीच्या चाकवाची हवा १९८२ सालच्या 'फर्स्ट ब्लड' या इंग्रजी सिनेमानंतर जगभर झाली. रॅम्बो ज्याला म्हणतात तो. तसल्या चाकवाची स्वस्त नक्कल आता घरपोच मिळते. मूठ पोकळ ठेवायची म्हटलं की पातं मुठीत आत जात नाही, तोंडालाच बोटभर अडकवलेलं असतं. सगळा जोर त्या बोटभर जागेवर येतो. म्हणून पहिली पारख ही. पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलं पाहिजे. मुठीच्या दोन्ही बाजूला लाकूड आणि मधून लोखंडाची पट्टी दिसते, दोन-तीन रिबिटा ठोकलेल्या असतात, तो चाकू डोळे झाकून बरा. पट्टी दिसत नसेल तर दुकानदाराला विचारा, नाही सांगता आलं तर ठेवून द्या.

दुसरी पारख लोखंडाची. लोखंड-लोखंडात फरक असतो, तो कार्बनचा. सळई, अँगल, पत्रा हे मऊ लोखंड. त्याच्यात कार्बन पाव टक्क्याच्याही आत. ते कितीही तापवून पाण्यात बुडवा, कडक होत नाही, धार वळते. ट्रकच्या कमानीचा पाटा घेतला तर त्यात कार्बन साधारण अर्धा ते सहा दशांश टक्के. तो पाणी घेतो आणि तरी लवचिक राहतो, कारण त्याचा जन्मच खड्ड्यात दबून परत वर यायला झालेला आहे. कोयत्याला, चाकवाला आपल्या भागात पाट्याइतकं दुसरं काही सोयीचं नाही. बेअरिंगचं पोलाद त्याच्याहून कडक, कार्बन एक टक्क्याच्या आसपास, धार लई टिकते. पण पीळ दिला तर तुकडा उडतो आणि त्याला पाणी देणं सगळ्यांना जमत नाही.

स्टेनलेस वाईट असं मी म्हणत नाही. गंजत नाही, दूध-फळाच्या कामाला बरं. पण बाजारातल्या स्वस्त स्टेनलेसच्या सुऱ्या मऊ असतात आणि चांगलं कडक स्टेनलेस बांधावरच्या दगडावर लवकर धार घेत नाही. रानात आपल्याला तिथल्या तिथं धार लावता आली पाहिजे.

तिसरी पारख पाण्याची, म्हणजे पाणी देणाऱ्या हाताची. आमच्याकडं सुगीच्या आधी घिसाडी येतात. गाडी लोहारही म्हणतात त्यांना. रस्त्याच्या कडेला पाल टाकतात, जमिनीत भट्टी करतात. पुरुष सांडशीत लोखंड धरून बसतो आणि घण घालते ती बाई. माझा चाकू केला त्या मावशीला विचारलं, पाणी कवा द्यायचं हे कळतं कसं? म्हणाली, "दादा, डोळ्याला कळतं. लई लाल झालं की मरतं, कमी लाल झालं तर पीत न्हाई."

तिनं केलं ते असं. पातं लालभडक केलं, मग फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवली, पाठ बाहेर तापलेलीच ठेवली. बाहेर काढून धार दगडावर घासून पांढरी केली. पाठीची ऊब हळूहळू धारेकडं सरकते तसा तिथं रंग चढतो. आधी कडब्यासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्या-तपकिरीवर सगळं पातं पाण्यात घातलं, झालं. पिवळा म्हणजे कडक, निळा म्हणजे लवचिक. चाकवाला पिवळ्या-तपकिरीच्या मधला रंग पाहिजे. लांब कोयता उसाच्या बुडख्यावर आपटायचा असतो, त्याला थोडा पुढं जाऊ देतात, म्हणजे धारेचा टवका उडत नाही. इंजिनिअर लोक याला टेम्परिंग म्हणतात. पिवळा रंग साधारण २३० अंशाला येतो आणि निळा ३०० च्या जवळ. त्या बाईकडं थर्मामीटर नाही, पण रंग तोच.

तुम्ही करून घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. पाटा जुना असतो, कधी कधी आतून दमलेला असतो. पाण्यानंही कधी केसासारखी चीर पडते. मूठ बसवायच्या आधी पातं दोरीला टांगून खिळ्यानं वाजवा. टण्ण वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठंतरी चीर आहे, घेऊ नका. मग धारेवर बारीक कानस फिरवा. कानस लोण्यासारखी खात गेली तर पाणी कमी बसलंय. काचेवरून घसरावी तशी घसरली तर लई कडक, टवके उडतील. जरा अडून, थोडं थोडं खाल्लं तर जमलं.

चौथी गोष्ट आकाराची. पातं चार इंच पुरे, पाच म्हणजे खूप झालं. लांब चाकू घरी राहतो, चार इंची कमरेला राहतो, आणि जवळ नसलेला चाकू नसल्यासारखाच. पाठ जाड असावी, दोन-अडीच मिलिमीटर तरी. घडीचा चाकू खिशाला सोयीचा, पण उघडल्यावर अडकून बसणारी कडी असलेलाच घ्या, नायतर जोर दिला की आपल्याच बोटांवर मिटतो. फ्रान्समधल्या डोंगराळ भागात १८९० साली ओपिनेल नावाच्या लोहाराच्या पोरानं शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा घडीचा चाकू काढला, तो आजही चालतो. त्याला पुढं १९५५ साली फिरवून अडकवायचं कडं बसवलं, ते याचसाठी. पुरात, पावसात, चिखलात मात्र घडी नसलेला, चामड्याच्या म्यानातला सरळ चाकू केव्हाही बरा. एका हातात दावं असतं, दुसऱ्या एकाच हातानं तो काढता आला पाहिजे.

मूठ बाभळीची. वाळलेल्या बाभळीच्या गाभ्याची. प्लास्टिकची गुळगुळीत मूठ ओल्या हातातून सटकते आणि हात धारेवर जातो. मुठीला पुढं बोट अडेल असा उंचवटा ठेवायला सांगा. आणि मुठीच्या शेवटाला भोक पाडून लाल नाहीतर पिवळी दोरी बांधा, गवतात पडला तर सापडतो.

पाचवी गोष्ट धारेची. इथं लई जणांचा गैरसमज आहे. दाढी होईल अशी गुळगुळीत धार दोरावर चालत नाही, ओल्या नायलॉनवर तर नाहीच. दोराला खरबरीत धार पाहिजे. दातेरी वैभव विळा गहू, ज्वारी, गवत कसा कापतो? बारीक दात एकेक धागा धरून तोडतात. तसंच हे. कुरुंदाच्या भरड दगडावर दोन्ही बाजूनी सारख्या ओढी मारा आणि तिथंच थांबा, बारीक दगडावर घासून चकाकी आणायच्या मागं लागू नका. मग दाव्याचा जुना तुकडा भिजवून त्याच्यावर चालवून बघा. दोन-तीन ओढीत तुटला पाहिजे. कागद कापून दाखवायची परीक्षा आपल्या कामाची नाही.

धार ग्राइंडरवर लावू नका. ठिणग्या उडतात तवा धारेचं पाणी उतरतं. धारेवर निळा डाग पडला की समजायचं, तिथला कडकपणा गेला. पुन्हा घिसाड्याकडं न्यावा लागतो.

जपणूक फार नाही. पुसायचा, गोडंतेलाचं बोट फिरवायचं. डाळिंब कापलं की पातं काळं पडतं, त्याला घाबरू नका, तो गंज नव्हे. सालीतलं टॅनिन आणि लोखंड मिळून तो काळा रंग होतो. तांबडा गंज मात्र लगेच घासून काढा. आणखी एक, डाळिंबवाल्यांसाठी. कमरेच्या चाकवानं तेल्या असलेली फांदी कापून तोच चाकू पुढच्या झाडाला लावू नका. तेल्याचे जिवाणू हत्यारावरून जातात. आपल्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचं सांगणं आहे की छाटणीची हत्यारं निर्जंतुक करत जा. सोडियम हायपोक्लोराईट वापरलं तर नंतर चाकू साध्या पाण्यानं धुऊन, पुसून, तेल लावा, नायतर तेच औषध लोखंड खातं.

आता वापरायची रीत. दावं कापताना धार कायम जनावराच्या बाहेरच्या बाजूला. जनावर हातानं धरून न्यायचं असेल तर खुंट्याजवळ कापा, म्हणजे धरायला हातभर दोर राहतो. पाणी जास्त असेल आणि त्याला पोहू द्यायचं असेल तर मानेजवळ कापा, लोंबता दोर झुडपाला, तारेला अडकून जनावर बुडतं. मानेजवळ कापताना दाव्याखाली आपली दोन बोटं घालायची, दावं वर उचलायचं आणि चाकू बोटांच्या पलीकडं, बाहेरच्या अंगाला ओढायचा. ताणलेलं दावं लवकर तुटतं, ढिलं नाही. आणि तुटल्याबरोबर जनावर उधळतं, म्हणून त्याच्या समोर उभं राहू नका.

चाकू चालवायचा नाही अशाही जागा आहेत. लाईटच्या वायरला लावायचा नाही, मोटर बंद असली तरी नाही, आधी फ्यूज काढा. जनावराचं पोट फुगलं म्हणून कुशीत खुपसायचा नाही. डॉक्टर वापरतात ती नळीची सुई वेगळी असते आणि जागाही नेमकी असते. त्यांनाच बोलवा.

आणि चाकवाची गरजच कमी पडावी यासाठी एक करा. पावसाळ्याच्या दिवसांत जनावराला निरगाठ मारू नका, सुरगाठ मारा. लोंबतं टोक ओढलं की सुटली पाहिजे. आमच्या घरात आता बायका-पोरांसकट सगळ्यांना ती येते. गोठ्याच्या मेढीला, पोराचा हात पुरणार नाही पण मोठ्या माणसाचा पुरेल अशा उंचीवर, एक धारेचा विळा कायम अडकवून ठेवलाय. तो दुसऱ्या कामाला काढायचा नाही असा घरचा कायदाच आहे.

कायद्यावरून आठवलं. नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्र कायद्याच्या नियमांत येतात. घरकामाची आणि शेतीकामाची अवजारं त्यातून वगळली आहेत, म्हणून आपला कोयता रानात चालतो. पण तोच कोयता मोटरसायकलला लावून बाजारात, यात्रेत, मोर्चात गेलात तर तो अवजार राहत नाही. शहरातल्या कोयता गँगच्या बातम्या तुम्ही वाचता, पोलीसही वाचतात. सण, वारी, निवडणुकीच्या वेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तवा तर चाकूसुद्धा गावाबाहेर नेऊ नका. रानातलं हत्यार रानात.

शेवटी एवढंच. ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. ज्या हत्यारावर माणसं पोट भरतात त्याच्या नावानं माणसं मोजली जातात. एवढी किंमत आपण लोखंडाला देतो, तर ते पारखून घ्यायला अर्धा तास देऊया. खंडेनवमीला आपण हत्यारं धुऊन, हळद-कुंकू लावून पुजतो. यंदा पूजेला मांडायच्या आधी प्रत्येक हत्याराची मूठ हलवून बघा, पातं वाजवून बघा, धार भिजल्या दाव्यावर चालवून बघा. मूठ हलत असेल ते पुजू नका, आधी दुरुस्त करा.

तुमच्या भागात चांगलं पाणी देणारा लोहार, घिसाडी कुठं बसतो ते जरूर सांगा. त्यांच्या पोरांना आता हे काम नको झालंय. आहेत तोवर त्यांच्याकडून करून घ्या आणि घासाघीस न करता पैसे द्या.